दमसास

मागे एका रात्री मी हेडफोन लावून, हातात पेन्सिल घेऊन एका माणसाचे श्वास मोजत बसलो होतो. गाणं होतं रेनबो या बँडचं 'स्टारगेझर', 1976 सालचं, साडेआठ मिनिटांच्या आसपासचं. गाणारा रॉनी जेम्स डिओ. गाण्याचे शब्द एका वहीत उतरवून घेतले होते. तो जिथे जिथे श्वास घेईल तिथे एक उभी रेघ मारायची, एवढंच ठरवलं होतं. सुरुवातीच्या कडव्यात रेघा बऱ्यापैकी पडल्या. पुढे धृपद आलं आणि घोळ सुरू झाला. इथे तर घेतलाच पाहिजे, असं वाटावं त्या जागी तो पुढच्या ओळीत शिरलेला असायचा. मी मागे जाऊन पुन्हा ऐकायचो. तिसऱ्या-चौथ्या वेळी लक्षात आलं, की त्याच्याबरोबर मीही श्वास रोखून धरतोय आणि त्याच्या कितीतरी आधी मलाच तो सोडावा लागतोय. मी खुर्चीत बसून होतो. तो त्या वेळी कोझी पॉवेलच्या ड्रम्सवर, रिची ब्लॅकमोरच्या गिटारवर आणि म्यूनिकच्या अख्ख्या ऑर्केस्ट्रावर आवाज चढवून गात होता.

मराठीत 'दम' हा फार कामाचा शब्द आहे. धावणाऱ्याला दम लागतो, वाट बघणाऱ्याला दम धरावा लागतो, एखाद्याच्या बोलण्यात दम असतो आणि गाणाऱ्याचा दमसास असतो. डिओच्या आयुष्याकडे बघताना मला हे सगळे अर्थ एकाच वेळी लागू पडताना दिसतात. त्याच्याविषयी लिहायचं बरेच दिवस मनात होतं, ते एवढ्यासाठीच.

रोनाल्ड जेम्स पाडाव्होना हे त्याचं खरं नाव. जन्म 10 जुलै 1942, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातलं पोर्ट्समथ. कुटुंब इटालियन वंशाचं, मूळ बिऱ्हाड न्यू यॉर्क राज्यातल्या कॉर्टलंड या छोट्या गावातलं. रॉनी तिथेच वाढला. घरात ऑपेराचे सूर कानावर पडत, मारिओ लान्झाचा आवाज त्याला आवडायचा. आणि वडिलांच्या आग्रहाने पाच वर्षांच्या या पोराच्या हातात ट्रम्पेट आलं. पुढे कितीतरी वर्षं रोजचा रियाज चालू राहिला. गाण्याची शिकवणी त्याने कधीच लावली नाही. आवाजाविषयी कुणी विचारलं की तो ट्रम्पेटकडे बोट दाखवायचा.

हे उत्तर मी अनेक मुलाखतींत ऐकलं होतं, पण त्याचा अर्थ मला बऱ्याच उशिरा कळला. ट्रम्पेटमध्ये नुसती फुंकर मारून काहीच होत नाही. ओठ मिटून धरायचे आणि त्यांच्या फटीतून हवा अशी काढायची की ओठच थरथरले पाहिजेत. ती थरथर पितळी नळीत शिरते आणि तिचा सूर होतो. वरचा सूर हवा असेल तर ओठ आवळायचे आणि मागचा हवेचा रेटा त्या मानाने सांभाळायचा. रेटा कमी पडला की सूर घसरतो, जास्त झाला की फाटतो. लांब सूर धरून ठेवायचा असेल तर छातीच्या वरच्या भागात भरलेली हवा पुरत नाही. श्वास खाली उतरवावा लागतो. फुप्फुसांच्या तळाशी घुमटासारखं जे श्वासपटल असतं ते खाली दबतं, पोट पुढे येतं, खालच्या बरगड्या फाकतात. हवा भरून घेणं कुणालाही जमतं. ती राखून, हव्या त्या धारेने बाहेर सोडणं ही खरी मेहनत. ओठांच्या जागी स्वरतंतू आले की हेच सगळं गाणं होतं. म्हणजे हा मुलगा पहिल्यांदा माइकसमोर उभा राहिला तेव्हा त्याच्या शरीराला श्वासाची दहा वर्षांची तालीम झालेली होती, आणि आपण गाणं शिकतोय हे त्याला ठाऊकही नव्हतं.

डिओ ज्यासाठी ओळखला जातो ते हेवी मेटल हे जड रॉक संगीत म्हणजे आरडाओरडा, असं मलाही एके काळी वाटायचं. कॉलेजात एका मित्राने भरून दिलेल्या सीडीवर ब्लॅक सॅबथ या बँडचं, डिओने गायलेलं 'हेवन अँड हेल' होतं. ते पहिल्यांदा ऐकलं आणि ओरडणं व गाणं यांतला फरक माझ्या कानाला कळला. ओरडणाऱ्याचा जोर गळ्यात येतो. गळ्याचे स्नायू आवळले जातात, स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, आणि काही वर्षांत आवाज बसतो तो बसतोच. डिओच्या आवाजात खरखर आहे, भरपूर आहे, पण खाली स्वच्छ, गोल, सुरेल आवाज चालूच असतो आणि खरखर त्याच्यावर एखाद्या किनारीसारखी येते. हवी तेव्हा येते, नको तेव्हा जाते. हळू गाताना ती पार नाहीशी होते आणि साठच्या दशकातला, प्रेमगीतं म्हणणारा कोवळा गायक मध्येच डोकावून जातो. लांबवलेल्या सुराच्या शेवटी तो आवाज किंचित हेलकावतो. शब्द मात्र एकही गिळत नाही. एवढ्या गोंगाटात प्रत्येक शब्द कानापर्यंत सुखरूप पोहोचवणारे गायक या संगीतात कमीच झाले.

आता या माणसाने किती वाट पाहिली ते बघा.

1957 साली शाळकरी पोरांच्या 'व्हेगस किंग्ज' नावाच्या बँडमध्ये तो बेस वाजवायला लागला. मग तोच बँड नावं बदलत गेला आणि रॉनी गायला पुढे आला. 1960 च्या सुमारास त्याने 'डिओ' हे नाव घेतलं. इटालियनमध्ये डिओ म्हणजे देव. त्या काळी त्याच नावाचा एक माफिया गुंडही अमेरिकेत प्रसिद्ध होता. 'रॉनी डिओ अँड द प्रॉफेट्स' या नावाने साठचं दशक जवळजवळ सगळं गेलं. छोटे जलसे, छोटे हॉल, छोट्या रेकॉर्ड्स. त्यातलं काहीच गाजलं नाही. 1967 मध्ये नवा बँड उभा राहिला, 'इलेक्ट्रिक एल्व्ह्ज'. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 1968 मध्ये, त्यांच्या गाडीला अपघात झाला. गिटारिस्ट निक पँटास गेला, डिओसकट बाकीचे जखमी झाले. मी कधी कधी विचार करतो, की पंचविशीतल्या मुलाने एवढ्यावर हे सगळं सोडून दिलं असतं तर त्याला कुणी नावं ठेवली असती का? दहा वर्षं झाली होती. हाती काही नव्हतं. आणि एक मित्र गेला होता.

त्याने सोडलं नाही. बँडचं नाव आखडत आखडत नुसतं 'एल्फ' झालं. 1972 साली डीप पर्पल या गाजलेल्या बँडच्या रॉजर ग्लोव्हर आणि इयन पेस यांनी त्यांच्या पहिल्या अल्बमची निर्मिती केली. या अल्बमवरची एक गोष्ट मला डिओच्या साऱ्या कारकिर्दीतल्या पुरस्कारांहून मोलाची वाटते. तिथे त्याने आपलं नाव 'डिओ' असं दिलेलं नाही. रोनाल्ड पाडाव्होना असं दिलंय. एकदा तरी आईवडिलांना आपलं आडनाव रेकॉर्डवर छापलेलं दिसावं म्हणून. पंधरा वर्षं ज्या मुलाने गावोगाव हिंडून गाणी म्हटली, ज्याच्या हातात त्या वडिलांनी ट्रम्पेट दिलं होतं, त्याने पहिली मोठी संधी आली तेव्हा आपलं झगमगीत नाव बाजूला ठेवलं आणि घरचं नाव पुढे केलं.

एल्फ डीप पर्पलच्या आधी वाजवायला लागला आणि त्यातून ब्लॅकमोरच्या कानावर हा आवाज पडला. 1975 मध्ये ब्लॅकमोरने डीप पर्पल सोडलं, एल्फची जवळजवळ सगळी मंडळी घेऊन 'रेनबो' काढला आणि पहिला अल्बम झाल्यावर डिओ सोडून सगळ्यांना घरी पाठवलं. इथे माझं मन थोडं अडखळतं. इतक्या वर्षांचे साथीदार जात असताना डिओ राहिला. त्याच्या जागी कुणीही राहिलं असतं. तेहतीस वर्षांचा झाला होता आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजाला शोभेल असं घर मिळालं होतं. तरी त्या मित्रांची आठवण मला दर वेळी होतेच.

पुढच्याच वर्षी 'रायझिंग' आला आणि त्यात तो 'स्टारगेझर'. डिओच्या गाण्यांत जादूगार, ड्रॅगन, किल्ले, तलवारी, इंद्रधनुष्यं येतात म्हणून त्याला बालिश ठरवणारे पुष्कळ. मला हा आरोप घाईचा वाटतो. 'स्टारगेझर'मध्ये एक जादूगार आहे खरा. त्याला उडायचंय, म्हणून तो गुलामांकरवी दगडाचा उंच मनोरा बांधून घेतो. पण ही गोष्ट सांगतो कोण? दगड वाहणारा एक गुलाम. तापलेल्या वाळूत, साखळदंडात, वर्षानुवर्षं. त्या गुलामाचा त्या वेड्या स्वप्नावर विश्वास बसलेला आहे, आणि जादूगार वरून झेप घेतो, खाली कोसळतो, तेव्हा हे सगळं कशासाठी केलं हे त्याला कळेनासं होतं. शेवटची दोन-तीन मिनिटं ऑर्केस्ट्रा तीच लाट पुन्हा पुन्हा उठवत राहतो आणि डिओ त्यावर मोकळा गात सुटतो. चाल तीच, पण दर वेळी ओळ वेगळ्या जागी मोडतो, वेगळ्या सुरावर चढतो, विनवणी करतो, हाका मारतो. माझ्या वहीतल्या रेघा इथे पार कोलमडल्या. छापील शब्द केव्हाच संपले होते. गाणं हळूहळू लहान होत विरून जातं, तरी तो गातच असतो. स्टुडिओत तो प्रत्यक्षात कुठे थांबला असेल, या विचाराने मला अजून अस्वस्थ व्हायला होतं.

ब्लॅकमोरला पुढे रेडिओवर वाजतील अशी सोपी, प्रेमाची गाणी हवी होती. डिओला नको होती. 1979 उजाडेपर्यंत तो बाहेर पडलेला होता.

त्याच वर्षी ब्लॅक सॅबथने आपला गायक ऑझी ऑस्बोर्न याला काढलं. ज्या बँडमुळे हे संगीत जन्माला आलं असं सगळे मानतात, त्या बँडचा चेहरा म्हणजे ऑझी. त्याच्या जागी उभं राहायला किती हिंमत लागली असेल! सॅबथचा गिटारिस्ट टोनी आयोमी याने डिओला भेटायला बोलावलं आणि अर्धवट पडलेली एक चाल ऐकवली. डिओने तिथल्या तिथे तिच्यावर ओळी रचून गायल्या. त्याचंच 'चिल्ड्रेन ऑफ द सी' झालं. एप्रिल 1980 मध्ये 'हेवन अँड हेल' हा अल्बम निघाला. संपल्यात जमा धरलेला बँड उभा राहिला, आणि पुढे या अल्बमच्या अमेरिकेत 10 लाखांवर प्रती गेल्या. ऑझीच्या काळात आवाज बहुतेक वेळा गिटारच्या चालीलाच धरून जायचा. डिओ तसा गेला नाही. गिटार एकीकडे जड पावलं टाकत असताना हा तिच्यावरून आडवी, लांब, स्वतंत्र चाल बांधायचा. त्यामुळे आयोमीलाही गाण्याच्या मांडणीचा वेगळा विचार करावा लागला. पुढच्या कितीतरी मेटल बँड्सनी ही रीत उचलली.

सॅबथच्या प्रेक्षकांना ऑझीची सवय होती. ऑझी दोन बोटं वर करून शांततेची खूण करायचा. तीच खूण आपण करणं डिओला बरं वाटेना. ती ऑझीची होती. मग त्याला आजी आठवली. इटलीहून आलेली त्याची आजी त्याचा हात धरून रस्त्याने चालायची आणि कुणाची नजर वाईट वाटली की तर्जनी आणि करंगळी ताठ करून, मधली दोन बोटं अंगठ्याखाली दाबून त्या दिशेने रोखायची. दृष्ट लागू नये म्हणून. इटालियन लोक त्या वाईट नजरेला 'मालोक्यो' म्हणतात. डिओने ती खूण स्टेजवरून केली, समोरच्या हजारो हातांनी ती परत केली, आणि आज जगात कुठेही रॉकची मैफल असली की तोच हात वर जातो. ही खूण पहिल्यांदा मीच काढली असं डिओ म्हणत नसे. आणि खरोखरच 1969 साली कोव्हेन या अमेरिकन बँडने ती वापरलेली आहे. पण लोकांच्या हातात ती रुजली डिओमुळे. तिला सैतानाची शिंगं म्हणणाऱ्यांना मला ती म्हातारी दाखवावीशी वाटते, नातवाचा हात घट्ट धरून चाललेली.

उंचीने तो लहानखुरा, जेमतेम पाच फूट चार इंच. स्टेजवर मात्र ही गोष्ट कुणाच्या ध्यानातच राहायची नाही. मी त्याची जुनी चित्रणं पुष्कळ पाहिलीत. दोन गाण्यांच्या मध्ये तो प्रेक्षकांशी बोलतो तेव्हा कुठलाही तोरा नसतो. पहिल्या रांगेतल्या एकेकाच्या डोळ्यांत बघून गातो. कार्यक्रम संपल्यावर बसजवळ तासन्‌तास थांबून चाहत्यांशी बोलणारा, वर्षांनंतरही त्यांची नावं लक्षात ठेवणारा माणूस, ही त्याची ख्याती त्याच्याबरोबर काम केलेल्या जवळपास प्रत्येकाने सांगितली आहे.

सॅबथमध्येही दोन अल्बम झाले आणि मग 'लाइव्ह इव्हिल' या प्रत्यक्ष मैफलीच्या ध्वनिमुद्रणावरून खटके उडाले. डिओ आणि ड्रमर व्हिनी अपिसी 1982 मध्ये बाहेर पडले. आता त्याने स्वतःच्याच नावाचा बँड काढला. रेनबोतला जुना सोबती जिमी बेन बेसवर आला आणि गिटारवर उत्तर आयर्लंडचा एक विशीतला पोरगा, व्हिव्हियन कॅम्पबेल. मे 1983 मध्ये 'होली डायव्हर' निघाला. डिओ चाळीस वर्षांचा होता. तरुणांचं म्हणवल्या जाणाऱ्या या संगीतात त्याचा स्वतःचा पहिला अल्बम चाळिशीत आला, आणि तोच सगळ्यात जास्त खपला.

हा आकडा मला माझ्या एका वाईट काळात सापडला. तेव्हा मी छत्तीस वर्षांचा होतो. एक काम हातचं गेलं होतं, दुसरं मनासारखं नव्हतं आणि बरोबरीचे सगळे कुठल्या कुठे पोहोचलेत असं रोज सकाळी वाटायचं. 33, 37, 40 हे आकडे मी तेव्हा एका कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवले होते. रेनबो, सॅबथ, होली डायव्हर. कुणी विचारलं तर काय सांगायचं हेही कळत नसे. पण रात्री काम करताना मान वर केली की ते दिसायचे आणि मी आणखी तासभर बसायचो.

त्या अल्बमच्या चित्रावरून गदारोळ झाला होता. एक राक्षस साखळी फिरवतोय आणि समोर समुद्रात एक पाद्री बुडतोय. डिओचा प्रश्न साधा होता: बुडणारा पाद्रीच आहे आणि मारणारा राक्षसच आहे, हे तुम्ही नुसत्या दिसण्यावरून कसं ठरवलंत?

1985 साली इथिओपियातल्या दुष्काळासाठी अमेरिकेतले नामवंत गायक एकत्र आले तेव्हा त्यात मेटलवाल्यांना जागा नव्हती. बेन आणि कॅम्पबेल यांच्या डोक्यात आलं, की आपणच का करू नये? डिओने ते उचलून धरलं. मे महिन्यात हॉलिवूडच्या स्टुडिओत सुमारे 40 गायक-वादक जमले. जुडास प्रीस्टचा गायक रॉब हॅलफर्ड होता, गिटारिस्ट यंग्वी माल्मस्टीन होता, एरवी एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेले कितीतरी होते. 'हिअर अँड एड' या नावाखाली 'स्टार्स' हे गाणं झालं. ते बाजारात यायला करारांच्या कटकटीमुळे 1986 उजाडलं, पण वर्षभरात 10 लाख डॉलर जमले. लॉस एंजेलिस परिसरात रस्त्यावर आलेल्या, देहविक्रयात ढकललेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या 'चिल्ड्रेन ऑफ द नाइट' या संस्थेलाही तो अनेक वर्षं मदत करत राहिला.

एवढ्या मोठ्या मनाच्या माणसाच्या गोष्टीत एक सल आहे आणि तो मला झाकायचा नाही. 1986 मध्ये कॅम्पबेल बँडमधून गेला. आपल्याला कबूल केलेला वाटा मिळाला नाही, असं तो म्हणत राहिला. डिओच्या बाजूने ते कधी मान्य झालं नाही. दोघंही एकमेकांविषयी जाहीरपणे फार कडू बोलले आणि शेवटपर्यंत समेट झाला नाही. कोण बरोबर, हे बाहेरून कसं सांगणार? पण ज्या मुलाची गिटार त्या आवाजाला इतकी छान साथ करायची, त्याच्याशी एकदा बोलून घ्यायला हवं होतं, आणि वयाने वीस वर्षं मोठा होता तो डिओ. पुढाकार त्याने घ्यायला हवा होता. डिओ गेल्यावर दोन वर्षांनी कॅम्पबेल, बेन आणि अपिसी पुन्हा एकत्र आले आणि तीच जुनी गाणी वाजवायला लागले. त्यांनी बँडला नाव दिलं 'लास्ट इन लाइन'. डिओच्या दुसऱ्या अल्बमचं नाव.

नव्वदीत वारं फिरलं. तो सॅबथमध्ये परतला, 1992 मध्ये 'डीह्युमनायझर' हा अल्बम आला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुन्हा निघून गेला. कॅलिफोर्नियात ऑझीच्या निरोपाच्या मैफली होत्या आणि सॅबथने त्यांच्या आधी वाजवायचं ठरवलं होतं. डिओने नकार दिला. त्या दोन रात्री त्याच्या जागी हॅलफर्ड उभा राहिला. काहींना हा हट्ट वाटला. मला तो बरोबर वाटतो: त्याने तेरा वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या सावलीतून हा बँड बाहेर काढला होता. त्यानंतर हॉल लहान होत गेले, रेडिओने पाठ फिरवली. हा दर दोन-तीन वर्षांनी अल्बम करत राहिला, छोट्या क्लबांत तेवढ्याच ताकदीने गात राहिला.

2006 मध्ये आयोमी, सॅबथचा बेसवादक गीझर बटलर, अपिसी आणि डिओ पुन्हा एकत्र आले. या वेळी बँडचं नावच 'हेवन अँड हेल'. अपिसी सोडला तर सगळे साठीच्या आगेमागे, जुनी भांडणं मागे टाकलेली. त्या काळातल्या चित्रणांत हे लोक एकमेकांकडे बघून हसताना दिसतात. एप्रिल 2009 मध्ये त्यांचा 'द डेव्हिल यू नो' आला. 29 ऑगस्ट 2009 रोजी अटलांटिक सिटीत दौऱ्यातला शेवटचा कार्यक्रम झाला.

नोव्हेंबरात पोटाच्या कर्करोगाचं निदान झालं. त्याची पत्नी आणि मॅनेजर वेंडी हिने नंतर सांगितलं, की पोटाची तक्रार जुनी होती, वर्षानुवर्षं तो ती अपचन समजून औषधाच्या गोळ्यांवर भागवत होता. जठराच्या कर्करोगाचं हेच वाईट असतं. सुरुवातीला तो पित्तासारखा, अपचनासारखाच वाटतो. हे वाचलं तेव्हा मी श्वासपटलाचं चित्र काढून बघितलं होतं. घुमटाच्या डाव्या बाजूला, अगदी खाली टेकून, जठर असतं. म्हणजे त्या शेवटच्या दौऱ्यात प्रत्येक लांब सुरासाठी तो ज्या जागेवर श्वास उतरवत होता, त्याच जागेला लागून ते वाढत होतं. सदुसष्ट वर्षांचा माणूस रोज रात्री ते दाबून गात होता.

ह्यूस्टनला उपचार चालू असताना एप्रिल 2010 मध्ये तो लॉस एंजेलिसला एका पुरस्कारासाठी आला. त्या वर्षीचा उत्कृष्ट गायक म्हणून. खूप बारीक झाला होता. 16 मे 2010 रोजी सकाळी पावणेआठ वाजता ह्यूस्टनमध्ये तो गेला. वेंडीने त्याच्या नावाने कर्करोगाविरुद्ध निधी उभा केला. लवकर तपासणी करा, हे ती आजही सांगते. बल्गेरियात काळ्या समुद्राकाठी कावार्ना नावाचं गाव आहे, तिथे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याचा पुतळा बसला. कॉर्टलंडमध्ये 'डिओ वे' नावाचा रस्ता त्याच्या हयातीतच झाला होता.

'स्टारगेझर'नंतर मी माझ्या वहीत त्याची आणखी बारा-पंधरा गाणी केली. तारखेच्या क्रमाने जायचं ठरवलं होतं. 'होली डायव्हर' झालं, 'डीह्युमनायझर' झालं. शेवटी 2009 चं 'बायबल ब्लॅक' आलं. त्याची सुरुवात संथ आहे, मागे फार वाद्यं नाहीत, खरखर नाही, आवाज अगदी जवळून येतो. मी शब्द उतरवून घेतले, हेडफोन नीट केले, पेन्सिलीला टोक केलं. पहिल्या ओळीच्या आधी एक रेघ मारली. मग पेन्सिल खाली ठेवली, वही मिटली आणि दिवा मालवून बाकीचं गाणं नुसतं ऐकलं.